नाणं ग्रेडिंगला पाठवू का? नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, नाणी जमवायला लागून पंचवीसेक वर्षं झाली. दर दिवाळीनंतर कपाटं आवरली जातात आणि माझ्या फोनवर नाण्यांचे अंधुक फोटो यायला लागतात, खाली एकच ओळ, "हे ग्रेड करून घेऊ का?" तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ग्रेडिंग म्हणजे नक्की काय करतात? किंमत काढून देतात का?

नाही, किंमत कोणीच काढून देत नाही, हा पहिला गैरसमज. ग्रेडिंग कंपनी दोनच गोष्टी सांगते, नाणं खरं आहे का आणि त्याची अवस्था किती चांगली आहे. दोन-तीन जाणकार वेगवेगळं बघतात, नाणं कोणाचं आहे हे त्यांना माहीत नसतं, मग ठरलेला ग्रेड आणि एक नंबर लेबलवर छापून नाणं जाड प्लास्टिकच्या डबीत सील करतात. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. जगात सगळ्यात जास्त चालतात त्या दोन अमेरिकन कंपन्या, पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून). नोटांसाठी पीएमजी. आपल्याकडेही काही जण डबीत घालून ग्रेड देतात पण लिलावात त्या डबीला तेवढा मान मिळतो का हे आधी विचारून घ्या.

एमएस ६३, एयू ५८, व्हीएफ ३० हे काय प्रकरण आहे?

१ ते ७० अशी पट्टी आहे. विल्यम शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती बनवली. त्याचं म्हणणं असं की १ वाल्याची जी किंमत त्याच्या सत्तरपट ७० वाल्याची. हा हिशोब केव्हाच मोडला पण आकडे राहिले. ६० ते ७० म्हणजे एमएस, नाणं व्यवहारात फिरलेलंच नाही. ५० ते ५८ म्हणजे एयू, जरासं फिरलंय. ४० आणि ४५ एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), २० ते ३५ व्हीएफ (व्हेरी फाइन), त्याखाली झिजलेला माल.

गंमत अशी की ५८ आणि ६२ मधला फरक फोटोत दिसत नाही. टेबल लॅम्पखाली नाणं कडेनं धरून हळूहळू फिरवा, न फिरलेल्या चांदीच्या नाण्यावर उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. व्हिक्टोरिया राणीच्या गालावर, केसांच्या उंच भागावर तो पट्टा तुटला आणि तिथं करडा मंद डाग दिसला तर तिथं बोटं घासली गेलीयत, म्हणजे एमएस विसरा. हे एकदा डोळ्यात बसलं की अर्धे प्रश्न मला विचारायची गरजच पडणार नाही.

आजीच्या डब्यात १२-१५ राणीछाप रुपये सापडलेत, सगळे ग्रेड करून टाकू?

नको. खरंच नको. घरोघरी जे राणीछाप आणि राजाछाप रुपये सापडतात ते करोडोंनी पाडले गेले होते आणि त्यातले बहुतेक झिजलेले असतात. एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा (जुना तोळा, सोनाराचा आताचा दहा ग्रॅमवाला नाही), चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. आजचा चांदीचा भाव बघा आणि गुणाकार करा, झिजलेल्या साध्या रुपयाला त्याच्यावर थोडंफारच मिळतं.

आणि १८६२ साल बघून उड्या मारू नका. १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तसंच गोठवून ठेवलं होतं, कुठल्या वर्षीचं ते ठिपके मोजून ओळखतात. त्यामुळे "दीडशे वर्षं जुना" आणि "दुर्मिळ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हे रुपये देशाबाहेर पाठवण्यात कायद्याचीही अडचण आहे, ती खाली अमेरिकेतल्या भावाच्या प्रश्नात लिहिलीय, ती वाचल्याशिवाय काही करू नका.

मग पाठवण्यासारखं नाणं कोणतं?

माझा हिशोब साधा आहे. डबीशिवाय आज काय मिळेल, डबीत बसल्यावर काय मिळेल, या दोघांतला फरक खर्चापेक्षा निदान दुप्पट असला तरच. समजा फी, डीलरचं कमिशन, विमा असलेलं कुरियर आणि परत येताना कस्टम्स असं मिळून नाण्यामागे ५००० पडले. नाणं १५०० चं आणि चांगला ग्रेड आला तर ४००० चं, म्हणजे तुम्ही प्लास्टिकच्या डबीसाठी पदरचे पैसे घातले. तेच नाणं असंच ३०,००० ला जातंय आणि एमएस ६४ आल्यावर ६०,००० ला जाऊ शकतं, मग विचार करा. आणि हा विचार करताना "एमएस ६४ आला तर" असं नाही तर "एमएस ६१ आला तर" असं धरून करा, कारण स्वतःच्या नाण्याला आपण सगळेच तीन-चार मार्क जास्त देतो, मीसुद्धा.

भाव बघायचा तो लिलावात खरोखर विकलेला, कोणीतरी मागितलेला नाही. ऑनलाइन एखाद्यानं झिजलेल्या रुपयाला दोन लाख लावले म्हणून तो दोन लाखाचा होत नाही, तो फक्त विकला जात नाही.

दुसरं कारण म्हणजे खरेखोटेपणाची शंका. जिथं बनावट माल जास्त तिथं ग्रेडपेक्षा "हे अस्सल आहे" या शिक्क्यालाच पैसे मिळतात (१९३९ चा प्रश्न बघा).

दर लक्ष्मीपूजनाला आई नाणी चिंचेनं घासते, मग पंचामृत, मग हळदकुंकू. फरक पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात जास्त इथेच पडतो. चिंचेत आम्ल, दह्यात आम्ल, वर रांगोळीनं घासलं की वरचा थर गेला. नाणं चकचकीत दिसतं पण तो चकाकीचा प्रकारच वेगळा, भांड्यासारखा सपाट. वर सांगितला तो फिरणारा पट्टा कायमचा जातो, परत आणता येत नाही. कुंकू ओलं राहिलं तर अक्षरांच्या खाचांत डाग धरतो ते वेगळंच.

माझंच सांगतो. दहावीच्या सुट्टीत आजोबांचा १९३८ चा रुपया टूथपेस्ट लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं, आजोबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पुढं कित्येक वर्षांनी हौसेनं एका डीलरमार्फत तो आणि आणखी चार नाणी पाठवली. रुपया परत आला तो "डिटेल्स, क्लीन्ड" असा शिक्का घेऊन. लॅम्पखाली धरला की सहाव्या जॉर्जच्या गालावर केसासारख्या बारीक रेघा एकाच दिशेनं दिसतात, माझ्या टूथब्रशच्या. बाकी चारांतल्या तिघांनी मिळून स्वतःचा खर्चही काढला नाही.

आईला नाही म्हणायची गरज नाही हो, पूजेसाठी दोन झिजलेले रुपये वेगळे काढून द्या, देवीला ग्रेड लागत नाही.

"डिटेल्स" शिक्का म्हणजे नापास का?

नापास नाही पण आकडा मिळत नाही. नाणं खरं आहे, झीज अमुक आहे, पण घासलंय, खरवडलंय, कडेला मार बसलाय किंवा कडी काढलीय, असं लेबलवर येतं. आपल्याकडे हे फार, कारण गळ्यातल्या माळेसाठी नाण्यांना कडी डागायची पद्धत होती, कडी काढली तरी कडेवर डागाची खूण राहते. असं नाणं साधं असेल तर पाठवूच नका. फार दुर्मिळ असेल तर डिटेल्स लेबलही कामाचं, निदान अस्सल असल्याचा कागद झाला.

भाऊ अमेरिकेत असतो, दिवाळीला येतोय, त्याच्या बॅगेतून पाठवू का? तिकडे स्वस्तही पडेल

थांबा. हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो तितकं उत्तर सोपं नाही. १९७२ चा पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा आहे, त्यात १०० वर्षं किंवा जास्त जुनं नाणं हे पुरातन वस्तू धरलं जातं, आणि पुरातन वस्तू देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकार आणि त्यांनी नेमलेल्या संस्थांना. "विकायचं नाहीये, फक्त ग्रेड करून परत आणणार" हे ऐकून कस्टम्सवाला सोडून देईल या भरवशावर राहू नका, अशी सूट खासगी माणसासाठी कायद्यात नाही.

आता यादी करून बघा. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, एडवर्ड १९१० पर्यंत, पंचम जॉर्जचे नेहमी सापडणारे रुपये १९११ ते १९२० चे. सगळे शंभरीपार. म्हणजे ज्या नाण्यांसाठी लोक सगळ्यात जास्त विचारतात तीच बाहेर जाऊ शकत नाहीत. सहाव्या जॉर्जची (१९३८ ते १९४७) आणि प्रजासत्ताकाची नाणी शंभरीच्या आत आहेत, तिथं ही अडचण नाही, पण कागदावर जे आहे तेच लिहायचं, "गिफ्ट" म्हणून नाही. आणि ही शंभरीची रेघ दरवर्षी एक वर्ष पुढं सरकते, आज चालणारं नाणं काही वर्षांनी चालणार नाही.

मग शंभरीपार नाण्याचं काय करायचं?

डबीचा नाद सोडा. चांगला फोटो (दोन्ही बाजू आणि कड), वजन, व्यास, कुठून आलं त्याची एक ओळ, असा कागद बनवा. देशातल्या नामांकित लिलाववाल्याकडे दाखवा, ते अवस्था स्वतः लिहितात आणि गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर बोली लावतं. कोणी म्हणालं "माझी वरपर्यंत ओळख आहे, मी अमेरिकेतून ग्रेड करून आणतो" तर नाणं देऊ नका, पकडलं गेलं तर नाणं गेलं आणि चौकशीत नाव तुमचं.

गावी जुनं घर पाडताना नाण्यांचा हंडा निघाला, ती ग्रेड करता येतील का?

आधी कलेक्टर. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडवलेलं १० रुपयांवरचं काहीही सापडलं तरी कळवावं लागतं. १० रुपये, हो, आकडा १८७८ चाच राहिलाय. ग्रेडिंग, धुणं, वाटून घेणं सगळं नंतर.

नाणं खरं आहे का हे पाठवण्याआधी घरी कसं बघायचं?

दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. चांदीचा ब्रिटिश रुपया ११.६६, झिजलेला ११.४ पर्यंत उतरू शकतो, १०.८ भरला की शंका घ्या. लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला (१९४७ चा वाघाचा रुपया सोडून, तो निकेलचा आहे आणि चिकटतोच, त्याला खोटा ठरवून फेकू नका, एका काकांनी जवळजवळ फेकला होता). कडेवरच्या रेघांमधून एक सांध्याची रेषा फिरत असेल तर ओतीव आहे, म्हणजे साच्यात ओतून बनवलेलं खोटं. मैदानात (चित्र-अक्षरांभोवतीच्या सपाट मोकळ्या जागेत) बारीक बुडबुड्यांसारखे खड्डे असतील तरी ओतीव. जांभळी नाक्याच्या बाजूला ज्या सोनारांकडे मशीन असतं तिथं न घासता टंच (चांदी किती टक्के ते) काढून मिळतो, फक्त "कसोटीवर घासू नका" हे आधी सांगा, सवयीनं घासतात.

आणि डोळा तयार करायचा असेल तर एक शनिवार काढून ठाण्याहून सीएसएमटीला जा, फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, २००४ पासून, तिथं अस्सल माल काचेपलीकडे बघत तासभर उभे राहा, याचा उपयोग दहा व्हिडिओंपेक्षा जास्त.

१९३९ चा रुपया आहे माझ्याकडे!! ग्रेड करू ना?

हा एक रुपया असा की ज्याच्यासाठी मी स्वतः म्हणेन, विचार करा. ९१.७ टक्के चांदीचा हा शेवटचा, १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली. दुर्मिळ आहे आणि म्हणूनच खोटेही खूप. वजन सारखंच, ११.६६, त्यामुळे काटा उपयोगाचा नाही. १९४० च्या ४० चे ३९ केले असतील तर टंच पकडतो, पण १९३८ च्या ८ चा ९ केला असेल तर टंचही गप्प बसतो, कारण चांदी तीच. दहापट भिंग लावून शेवटच्या ९ भोवतीचं मैदान आणि आधीच्या ९ चा आकार जुळतोय का बघा. घरी समाधान झालं तर मग पाठवायचं, कारण शंभरीच्या आत आहे आणि डबीशिवाय कोणी पूर्ण भाव देणार नाही.

१८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं, एका बाजूला राम-सीता-हनुमान. कोणीतरी करोड सांगतोय

ते नाणं नाही. कंपनीनं असं नाणं चलनात कधी आणलंच नव्हतं, नंतर कोणीतरी बनवलेले बिल्ले आहेत, देवळाबाहेर मिळायचे. ग्रेडिंगला पाठवलंत तर फी जाईल आणि नाणं तसंच परत येईल. हे नाणं तांदूळ ओढून घेतं, त्यानं बॅटरी बंद पडते, "राईस पुलर" वगैरे सांगणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा, पैसे आगाऊ देऊ नका.

वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं लाखाला जातं म्हणे, ग्रेड केल्यावर अजून वाढेल?

लाखाला जात नाही. भरपूर पाडलेलं नाणं आहे. या धंद्यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून "प्रोसेसिंग फी" उकळायला लागले तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनंच जाहीर सांगितलं की आम्ही असे व्यवहार करत नाही आणि कोणाला अशी परवानगीही दिलेली नाही. पुढचा प्रश्न.

माझं जुनं नाणं आरशासारखं चकचकीत आहे, प्रूफ असेल का?

प्रूफ हा ग्रेड नाही, ती पाडायची पद्धत आहे, पॉलिश केलेल्या डायनं (नाण्यावर चित्र उमटवायच्या ठशानं) खास संग्राहकांसाठी पाडलेलं. आणि इथं एक खाच आहे जी नवख्याला कोणी सांगत नाही, मुंबईच्या टांकसाळीनं जुनी ब्रिटिश नाणी जुन्या सालाच्याच डायवरून नंतर संग्राहकांसाठी परत पाडून विकली. म्हणजे नाण्यावर साल जुनं, नाणं त्यामानानं नवं. त्यांना रीस्ट्राइक म्हणतात, लेबलवरही तसंच येतं. ती खोटी नाहीत, त्यांनाही चांगला भाव आहे, पण मूळ प्रूफच्या भावानं विकत घेऊ नका. आणि घासून आरसा झालेलं नाणं यातलं काहीच नाही, त्यासाठी वर चिंचेचं उत्तर.

तांब्याचं नाणं, १९४० चा पाव आणा, अजून लालसर आहे. वेगळं काही बघतात का?

हो, तांब्या-काशाला रंगाचीही श्रेणी लागते. आरडी म्हणजे लाल, आरबी म्हणजे अर्धं लाल अर्धं तपकिरी, बीएन म्हणजे तपकिरी. एकाच आकड्यात आरडी आणि बीएन यांच्या भावात चांगलाच फरक पडतो. पण ठाण्यात आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, लाल तांबं दोन पावसाळ्यांत तपकिरी होतं. पाठवायचंच असेल तर पावसाळ्याआधी ठरवा, हाताच्या बोटानं मधे धरू नका, घामाचा ठसा वर्षभरात काळा उमटतो. बोट लावायचं ते फक्त कडेला.

अल्बममधल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आलाय

पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमुळे. तसंच पाठवलं तर ग्रेड मिळत नाही. शुद्ध अॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं) बुडवून ठेवा, घासू नका, खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब, पेट घेतं. धातूला ते काही करत नाही म्हणून हे "साफ केलं" यात मोजत नाहीत. अल्बम फेकून द्या.

नाण्याच्या दोन्ही बाजूला एकच चित्र, एकीकडे उलटं खोलगट. दुर्मिळ आहे ना?

याला आपल्याकडे लखी म्हणतात, आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढच्यावर त्याचाच उलटा ठसा उमटला. खरी लखी ग्रेड करायला हरकत नाही, कारण घरी हातोडा आणि दुसरं नाणं घेऊन बनवलेल्या लखी खूप फिरतात. बनवलेल्यात दुसरी बाजू चेपलेली असते. साल पुसट, अक्षर अर्धं, डाग, असल्या गोष्टी एरर (टांकसाळीत झालेली चूक) नाहीत, ती झीज आहे.

डबीत असलेलं नाणं विकत घेतोय, मग तर खात्री ना?

डबीच खोटी असू शकते. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथं फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी ताडून बघा, एखादा ओरखडा, डाग, ठिपका जुळतो का. नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका, खऱ्या नंबराची खोटी डबी बनवतात. पीसीजीएसच्या नवीन डब्यांत चिप असते, फोन टेकवून बघता येते.

ग्रेड पटला नाही तर डबी फोडून परत पाठवू?

फोडू शकता, पण फोडली की खात्री गेली आणि नाणं परत उघडं पडलं. दुसऱ्या वेळी कमी आलं तर? एका आकड्यानं भावात मोठी उडी असेल तरच लोक हे धाडस करतात, ५८ चं ६१ व्हावं म्हणून वगैरे. साध्या नाण्याला असं करणं म्हणजे लॉटरीचं तिकीट.

शिवराई ग्रेड करून मिळेल का?

महाराजांची शिवराई म्हटलं की भावना येतात मधे, समजू शकतो, माझ्याही देवघराशेजारी एक आहे. "श्री राजा शिव" आणि "छत्रपती" लिहिलेल्या शिवराया राज्याभिषेकानंतरच्या, पण शिवराई पुढं पेशवाईत आणि नंतरही पाडत राहिले, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. अक्षरवळण, ठिपके यांवरून काळ सांगणारे जाणकार इथंच महाराष्ट्रात आहेत, त्यांचं मत अमेरिकन आकड्यापेक्षा इथल्या गिऱ्हाइकाला जास्त पटतं. शिवाय डाय नाण्यापेक्षा मोठी असायची, अर्धी अक्षरं बाहेरच राहायची, त्यामुळे किती अक्षरं उतरलीयत याला भाव, ७० च्या पट्टीला नाही. आणि बाहेर पाठवणं तर वरच्या कायद्यात बसतच नाही.

बाबा गेले, आम्ही तीन भावंडं, संग्रहाची वाटणी करायचीय. सगळं ग्रेड केलं तर भांडण टळेल?

सगळं नको. आधी एका तिऱ्हाईत जाणकाराकडून यादी करून घ्या, प्रत्येक नाण्याचं वजन आणि अंदाजे भाव. बहुतेक वेळा २०० नाण्यांतली पाच-सातच अशी निघतात की ज्यांच्या अवस्थेवरून मतभेद होईल, शंभरीच्या आतली असतील तर तेवढीच पाठवा, खर्च तिघांत. बाकीच्यांचे तीन ढीग एकानं लावायचे आणि उचलायची पाळी त्याची शेवटी, आमच्याकडे आंब्याची वाटणी अशीच व्हायची. बाबांच्या हातची पाकिटं, त्यावर पेन्सिलनं लिहिलेलं "व्ही. टी. बाहेर घेतला, ४० रु." असं काही असेल तर ते फेकू नका, ग्रेडिंगला नाणं गेलं की पाकीट मागं राहतं आणि कचऱ्यात जातं, त्याचा आधी फोटो काढून ठेवा.